बाबा जहाजावर, मग दिवाळी कुठे?

ताई,
मी मूळची सातारा जिल्ह्यातली. नवरा शिकायला अमेरिकेत गेला, तिथेच नौदलात भरती झाला आणि गेल्या हिवाळ्यापासून आम्ही जपानमध्ये योकोसुकाच्या अमेरिकन बेसवर राहतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. नवऱ्याचं जहाज समुद्रावर आहे आणि दिवाळीत तो घरी नसणार हे आता नक्की झालंय. इथे ऑक्टोबर लागला की घरोघरी भोपळे, मग थँक्सगिव्हिंगची टर्की, मग ख्रिसमस. मुलगी विचारते, आपल्याकडे झाड का नाही? दिवाळीचं नाव काढलं की म्हणते, बाबा नाहीत तर कशाला करायची? सासूबाई रोज फोनवर सांगतात, पोरं आपलं सगळं विसरतील, दोघांना घेऊन इकडे ये आणि जहाज परत येईपर्यंत राहा. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण ते यावर काहीच बोलत नाहीत. मलाही इथे कुणी नाही. मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडलं की आठव्या मजल्यावरून खाली उतरावंसंच वाटत नाही. तिकिटं बघून ठेवली आहेत. जाऊ का?
(नाव छापू नये)

अगं, आधी एक सांगते. तुझ्या पत्रात जहाजाचं नाव होतं आणि परतीचा महिनाही होता. ते दोन्ही मी काढून टाकलं. जहाज कुठे आहे, कधी येणार, हे बाहेर कुठेही लिहायचं नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवरही नाही. नवीन असताना आपल्या हातून हे होऊन जातं, म्हणून मोठ्या बहिणीसारखं सांगते.

आता तुझा प्रश्न. दिवाळीला जाऊ नकोस. उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या की महिनाभर खुशाल जा, आजी-आजोबांकडे मुलांना मनसोक्त राहू दे. पण भर शाळेच्या दिवसांत, परतीची तारीख न ठरवता, ‘जहाज येईपर्यंत’ म्हणून जाऊ नकोस.

मी हे अधिकाराने सांगते, कारण मी तेच केलं होतं. आम्ही 2012 ते 2015 योकोसुकात होतो. नवरा तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन या विमानवाहू जहाजावर होता. पहिल्याच वर्षी तो गेला आणि आठवड्याभरात मी मुलाला घेऊन पुण्याला आईकडे आले. तीन महिने राहिले. आईच्या हातचं खाल्लं, बरंही वाटलं. पण जहाज परतलं तेव्हा मी पुण्यात होते. तुला तो दिवस अजून बघायचाय. पांढऱ्या गणवेशातले खलाशी कठड्याला रांगेने उभे असतात, धक्क्यावर हातात फलक घेतलेली मुलं असतात, आणि समुद्रावर असताना ज्यांना बाळ झालं त्या बापांना आधी उतरू देतात. माझा नवरा त्या दिवशी एकटाच उतरला आणि किल्लीने कुलूप उघडून बंद घरात शिरला. तो मला त्याबद्दल कधी एक शब्दही बोलला नाही. मला मात्र ते अजून लागून आहे. शिवाय परत आल्यावर मुलाला शाळेत सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं, आणि मलाही. ज्या शेजारणींशी ओळख व्हायची ती झालीच नव्हती.

तुझ्या पत्रातली सासऱ्यांबद्दलची ओळ वाचली आणि मी पत्र खाली ठेवलं. सासरे सुभेदार! म्हणजे सासूबाईंनी किती दिवाळ्या एकटीने काढल्या असतील, याचा हिशोब कधी केलायस? तुमचा तर अख्खा जिल्हाच फौजींचा. अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे, त्या एका गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा मुलखातल्या बाईला नवरा सीमेवर असताना सण कसा करायचा हे कुणी शिकवायला नको. आज ती तुला ‘इकडे ये’ म्हणते ते तू चुकतेस म्हणून नव्हे. तू परमुलखात एकटी आहेस या काळजीने तिच्या पोटात कालवतंय.

म्हणून तिच्याशी वाद घालू नकोस. तिला विचार, “आई, बाबा बॉर्डरवर असताना तुम्ही दिवाळी कशी करत होता?” आणि मग फोन कानाला लावून नुसतं ऐक. माझी आत्याही फौजीची बायको होती. ती दिवाळीच्या फराळातून अनारशांचा एक डबा वेगळा भरायची, झाकणाभोवती फडकं बांधायची आणि फडताळात सगळ्यात वर ठेवायची. त्याला आमच्या घरात ‘त्यांचा डबा’ म्हणायचे. त्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. पुढे काका केव्हाही सुट्टीवर येवोत, माघात येवोत नाहीतर चैत्रात, त्या दिवशी पहाटे उटणं, अंघोळ, पाट, रांगोळी, आणि आत्या त्यांना ओवाळायची. तो तिचा पाडवा. पंचांग काय म्हणतंय हे कुणी बघत नसे. तुझ्या सासूबाईंकडेही असं काहीतरी असणार. आणि सासरे, जे काही बोलत नाहीत, ते त्या आठवणींत हमखास बोलायला लागतील.

तर मुलीला सांग, यंदा आपल्याकडे दोन दिवाळ्या. एक पंचांगातली, आपल्या तिघांची. दुसरी बाबा येतील त्या दिवशीची. ‘बाबा नाहीत तर कशाला’ असं ती म्हणते, कारण पहिली केली तर बाबांची हुकली, असं तिला वाटतंय. हुकत नाही हे एकदा पटलं की ती स्वतःच पिठात हात घालेल.

दुसरी दिवाळी मात्र तारखेला बांधू नकोस. बेसवर पुष्कळ घरांत बरणीत चॉकलेटं भरून ठेवतात, रोज एक खायचं, बरणी संपली की बाबा येणार. किंवा कागदी साखळीची रोज एक कडी फाडतात. मला ही रीत आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. 2013 च्या नोव्हेंबरात आमचं जहाज हाँगकाँगला थांबलं होतं. हैयान वादळाने फिलिपिन्स उद्ध्वस्त केलं, खलाशांची सुट्टी तडकाफडकी रद्द झाली आणि जहाज मदतीला तिकडे धावलं. ते जाणं योग्यच होतं, त्या जहाजाने तिथे लोकांना पाणी आणि औषधं पोचवली. पण शेजारच्या घरातली चॉकलेटांची बरणी रिकामी झाली, बाबा आले नाहीत, आणि पाच वर्षांचं पोर बरणी उराशी धरून जिन्यात बसून राहिलं.

म्हणून दिवस उलटे मोजू नकोस, पुढे मोज. आम्ही भिंतीवर मोठा कागद लावला होता आणि त्यावर ठिपके काढले होते, पंधरा ते एकची रांगोळी असते तसे. रोज झोपायच्या आधी मुलगा दोन ठिपके जोडायचा. कुठला आकार होईल हे त्याचं तोच ठरवायचा. कागद भरला तर शेजारी दुसरा लावायचा. नवरा डिसेंबरात परतला तेव्हा अडीच कागद भरले होते. तो बूट न काढता भिंतीसमोर उभा राहिला आणि मुलगा त्याला बोट लावून एकेक दिवस सांगत होता: इथे ताप आला, इथे दात पडला.

आणि त्याच रात्री आम्ही आकाशकंदील लावला, डिसेंबरात! समोरच्या टॉवरच्या प्रत्येक खिडकीत ख्रिसमसचे दिवे, आणि आमच्या बाल्कनीत पुण्याहून आणलेला जिलेटिनचा षटकोनी कंदील. कुणालाही तो वेगळा वाटला नाही. खालच्या मजल्यावरची बाई उलट विचारायला आली की हा तारा कुठे मिळाला.

यावरून तुझ्या मुलीच्या झाडाकडे येते. तिला झाड आणू दे. आठ वर्षांच्या मुलीच्या वर्गातल्या सगळ्यांच्या घरी जे आहे ते तिलाही हवंसं वाटतं, यात संस्कार बुडण्यासारखं काही नाही. सासूबाईंना पटवायचं असेल तर त्यांना वसईचं आणि गोव्याचं सांग. गोव्यात नाताळच्या फराळाला कुसवार म्हणतात आणि त्यात नेवऱ्या असतातच. नेवरी म्हणजे आपली करंजी. एकाच पोळपाटावरची करंजी एका घरी लक्ष्मीपूजनाला जाते आणि दुसऱ्या घरी येशूच्या जन्माला. तुझ्या मुलीने दिवाळीत करंज्या वळायला शिकाव्यात आणि डिसेंबरात त्याच करंज्या वर्गात न्याव्यात, यापेक्षा चांगलं मला काही सुचत नाही.

बाबांचा आवाज मात्र सणाच्या दिवशी घरात हवा. जहाजावरून फोन लागेल याच्या भरवशावर राहू नकोस. कधीकधी ते संपर्क मुद्दाम बंद ठेवतात, त्याला ‘रिव्हर सिटी’ म्हणतात. तसं झालं तर घाबरायचं काही नसतं. पण नेमकं लक्ष्मीपूजनालाच झालं तर मुलं हिरमुसतात. नवऱ्याला आत्ताच लिही आणि ‘युनायटेड थ्रू रीडिंग’ची चौकशी करायला सांग. ही संस्था 1989 पासून हेच काम करते: सैनिक पुस्तक वाचताना त्याचं चित्रण करतात आणि ते मुलांपर्यंत पोचवतात. त्याला मराठी गोष्ट वाचू दे. त्याचं मराठी अडखळत असेल तरी चालेल. माझ्या नवऱ्याने वाघबारशीची गोष्ट वाचून पाठवली होती, मागे यंत्रांची घरघर होती, आणि मुलाने ती इतक्यांदा पाहिली की घरघरीसकट पाठ झाली.

दिवाळीच्या सकाळी शाळा असेल तर शाळेला आधी लेखी कळव. बेसवरच्या शाळांत धार्मिक सणासाठी घेतलेली सुट्टी रीतसर मान्य करतात. सुट्टी मिळाली की घाई नको. तुमचं घड्याळ साताऱ्याच्या साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे सासूबाई पहाटे पाचला उटणं कालवायला बसतील तेव्हा तुझ्याकडे साडेआठ वाजलेले असतील. फोन न्हाणीघराच्या बाहेर टेकवून ठेव. नातवंडांना उटणं कसं लावायचं ते त्या तिकडून सांगतील, तू इकडे लाव. पोरं विसरतील ही त्यांची भीती नुसत्या समजुतीने जाणार नाही. त्यांच्या हाताला काम दिलंस तर जाईल.

आता आठव्या मजल्याबद्दल. पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटली, सणापेक्षाही. तू खाली उतर. कुठे जाऊ म्हणशील तर रविवारी मुलांना घेऊन योकोसुका-चूओ स्टेशनवरून केइक्यू रेल्वेची गाडी पकड. टोकियोच्या आसाकुसा मार्गावर सरळ जाणारी गाडी असेल तर निहोम्बाशीला उतर आणि तिथे तोझाई मार्गाची गाडी घेऊन निशी-कासाईला जा. तो एदोगावा वॉर्ड. इतकी भारतीय वस्ती की 2019 मध्ये तिथल्या वॉर्डाच्या सभागृहात योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस निवडून आला. तिथे पोहे, डाळी, रवा, सगळं मिळतं. टोकियो मराठी मंडळ आहे, त्यांच्याशी ओळख कर. साताऱ्याहून फराळाचं पार्सल मात्र बेसच्या पत्त्यावर मागवू नकोस. तो अमेरिकन लष्करी टपालाचा पत्ता, त्यामुळे डबा भारतातून आधी अमेरिकेला जातो आणि मग जपानला. माझ्या आईचा चिवडा दिवाळी संपून तुळशीचं लग्नही झाल्यावर आला, सादळलेला.

आणि जपानी दुकानांनाही बिचकू नकोस. ‘जोशिन्को’ म्हणजे तांदळाचं पीठ, आपल्या उकडीच्या मोदकांना चालतं. ‘शिरातामाको’ घेऊ नकोस, ते चिकट तांदळाचं, त्याची उकड हाताला चिकटून बसते. गूळ नसेल तर ओकिनावाची ‘कोकुतो’ ही काळी साखर घे. उसाचा रस आटवूनच करतात ती, चवीला गुळाच्या अगदी जवळ. एखाद्या रविवारी निहोम्बाशीला न उतरता तशीच पुढे आसाकुसापर्यंत जा. तिथे नदीजवळ माचुचियामा शोदेन हे देऊळ आहे. तिथला देव म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला. त्याला लोक पांढरा मुळा वाहतात. मुलांच्या हातात एकेक मुळा दे आणि वाहायला लाव. आपला बाप्पा इथेही आधीपासून राहतोय, हे चार वर्षांच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही.

बेसवरही तुला वाटतं तेवढी तू एकटी नाहीस. बॅरॅकमध्ये राहणारी एकोणीस-वीस वर्षांची पोरं असतात, त्यांचं कुणीच जवळ नसतं. थँक्सगिव्हिंगला कुटुंबं त्यांना जेवायला बोलावतात ही तिथली फार चांगली रीत आहे. ती तू दिवाळीला कर. बेसच्या चॅपलमध्ये जा, चॅप्लिनला, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूला, सांग की दिवाळी करायची आहे, जागा हवी आहे आणि अशी कुणी मुलं असतील तर निरोप द्या. धर्म कुठलाही असो, सोय बघणं हे चॅप्लिनचं कामच आहे. अमेरिकन सैन्यात 2011 मध्ये प्रतिमा धर्म यांची पहिल्या हिंदू चॅप्लिन म्हणून नेमणूक झाली, तेव्हापासून ‘दिवाळी म्हणजे काय’ इथपासून सुरुवात करायची वेळ फारशी येत नाही.

आमच्याकडे एका भाऊबीजेला असाच एक मुलगा आला होता, मूळचा नेपाळी. माझा भाऊ पुण्यात, त्याची बहीण पोखऱ्यात. मी ताटात निरांजन, सुपारी, अक्षता मांडत होते तेवढ्यात त्याने न सांगता टोपी काढून खिशात घातली आणि पाटासमोर मांडी घातली. म्हणाला, “आमच्याकडे सात रंगांचा टिळा लावतात, तुमच्याकडे एकच?” मी कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला टेकवलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. त्याने ओवाळणी म्हणून ताटात वीस डॉलर घातले. मी परत द्यायला गेले तर म्हणाला, “दीदी, हे परत नाही करायचं.” खरंच होतं त्याचं. तो तीन वर्षं दर भाऊबीजेला आला.

एक गोष्ट स्पष्ट विचारते. झोप लागते का? जेवतेस का नीट? मुलांवर उगीच ओरडून मग रडतेस का? यातलं काही आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर सण बाजूला राहू दे, आधी बेसवरच्या फ्लीट अँड फॅमिली सपोर्ट सेंटरमध्ये, म्हणजे नौदलाच्या कुटुंब मदत केंद्रात, जाऊन समुपदेशकाला भेट. पैसे पडत नाहीत. नवऱ्याच्या नोकरीवर परिणाम होईल या भीतीने बायका गप्प बसतात. ती भीती असेल तर चॅप्लिनकडे जा, त्याला सांगितलेलं तो कुणालाही सांगू शकत नाही. आणि जहाजाची ‘ऑम्बड्समन’ कोण आहे ते शोधून तिचा नंबर घे. ती तुझ्यासारखीच कुणा खलाशाची बायको असते, कॅप्टनने नेमलेली. 1970 पासूनची ही व्यवस्था याच कामासाठी आहे. अडचण आली की फोन करायचा, मध्यरात्री असला तरी. आणि हे सगळं करूनही जमिनीवर पाय ठरत नसेल, तर साताऱ्याला जा. तेव्हा मी सांगितलं म्हणून थांबू नकोस.

पण जमणार असेल, तर एक काम माझ्यासाठी कर. मुलांना किल्ला करायला लाव. योकोसुकाच्या बेसवर साताऱ्याच्या पोरांनी किल्ला केला नाही तर कुणी करायचा? आणि प्रतापगड, अजिंक्यतारा नको, ते पुढच्या वर्षी. बाबा नौदलात आहेत, तेव्हा यंदा सिंधुदुर्ग. महाराजांनी 1664 मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं, तीन वर्षांत उभा केला, आणि 2023 मध्ये भारताचा नौदल दिन तिथे जवळच, तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. मुलीला हे सासऱ्यांकडून ऐकू दे, फोनवर. ते बोलतील.

बाल्कनीत मोठं पसरट टब ठेव. मधे दगडविटांचं बेट, त्यावर मातीची नागमोडी तटबंदी, भोवती पाणी. महाराजांच्या आरमारातली गुराब आणि गलबतं कागदाची कर, मेण लावलंस तर आठवडाभर टिकतात. त्यांच्या शेजारी बाबांचं जहाजही सोडू दे, मुलगा ते सोडणारच आहे. शेजारपाजारच्या पोरांना बघायला बोलाव, ती प्रश्न विचारतील, आणि उत्तरं तुझी मुलगी देईल. पणत्या लावण्याआधी बाल्कनीत उघड्या ज्योतीला परवानगी आहे का ते हाउसिंग ऑफिसला विचार. नसेल तर सेलवरचे दिवे लाव. दिवाळी संपली तरी किल्ला मोडू नकोस, बाबा आल्यावर त्यांनी तो बघायचा आहे.

माती शंभर येनच्या दुकानात पिशवीत मिळते, दोन पिशव्या पुरतात. तटाखाली हिरवळीसाठी मोहरी पेर, आणि वसुबारसेच्या आधी निदान आठवडाभर पेर. तिथे तोवर हवा गार झालेली असते, उगवायला वेळ लागतो.

तुझी ताई